शेजाऱ्याला दिलेला शब्द

२०२४ साली दक्षिण आशियातले जवळजवळ सगळे देश मतदानाच्या रांगेत उभे होते. ७ जानेवारीला बांगलादेश, ९ जानेवारीला भूतान, ८ फेब्रुवारीला पाकिस्तान, २१ एप्रिलला मालदीव, १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्प्यांत आपण, २१ सप्टेंबरला श्रीलंकेचा अध्यक्ष आणि १४ नोव्हेंबरला तिथलीच संसद. नेपाळात मतदान नव्हते, पण जुलैमध्ये तिथेही सरकार बदलले आणि के. पी. शर्मा ओली पुन्हा पंतप्रधान झाले. बांगलादेशात जानेवारीत निवडणूक जिंकलेल्या शेख हसीना यांना ५ ऑगस्टला देश सोडून जावे लागले. जगातल्या दर चार माणसांतला एक माणूस ज्या भूभागात राहतो, तिथे एका वर्षात इतके काही घडले.

आपण ते वाचले मात्र सुट्या सुट्या बातम्यांसारखे. ढाक्याचा उठाव विद्यार्थ्यांचा, कोलंबोचा निकाल डाव्यांचा, मालेचा वाद चीनचा, इस्लामाबादचा तंटा लष्कराचा आणि आपली निवडणूक आपली. दिल्लीतून किंवा मुंबईतून पाहिले तर ही वाटणी पटतेही. मनमाडमधून पाहिले तर ती पटत नाही. या गावातून निघणारा माल आणि या गावावर येऊन आदळणारे निर्णय एका देशाच्या हद्दीत मावत नाहीत. त्या वर्षाने शिकवलेली एक गोष्ट इथून फार स्पष्ट दिसते, आणि ती सांगण्यासाठी हा लेख आहे. शेजारी देशांशी असलेले नाते मैत्रीच्या भाषणांवर उभे राहत नाही, अडचणीत केलेल्या मेहेरबानीवरही उभे राहत नाही. ठरलेला माल ठरलेल्या वेळी पोचेल या खात्रीवर ते उभे राहते. आपण ती खात्री देऊ शकलो नाही, आणि त्याची किंमत नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने व बांगलादेशातल्या गिऱ्हाइकाने मिळून मोजली.

मनमाड हे जंक्शन आहे, एवढे महाराष्ट्राला ठाऊक असते. मुंबई-भुसावळ मार्गाला इथे दौंडकडून येणारा फाटा मिळतो आणि छत्रपती संभाजीनगर, नांदेड, सिकंदराबादकडे जाणारा मार्ग इथूनच सुटतो. पुणे-इंदूर महामार्ग गावातून जातो. अन्नमहामंडळाची मोठी गोदामे इथे आहेत. जवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि मुंबईहून थेट तेलवाहिनी तिथवर येते. अवतीभवती कांद्याचे आगर आहे : येवला, चांदवड, नांदगाव, निफाड, मालेगाव. मनमाडची स्वतःची बाजार समिती आहे आणि लासलगावची मोठी बाजारपेठ रेल्वेने हाकेच्या अंतरावर आहे. अन्नधान्य, इंधन आणि कांदा या तिन्ही गोष्टी एकाच गावातून वाहतात, तेव्हा पुरवठा म्हणजे काय असतो हे त्या गावाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

२०२४ ची पहाटही त्याच धड्याने झाली. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांसाठी नव्या न्याय संहितेत ठेवलेल्या कडक शिक्षेविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या थांबवल्या. १ जानेवारीला पानेवाडीचे टँकरही उभे राहिले. पाहता पाहता उत्तर महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी रात्री तोडगा निघाला आणि टँकर सुटले. एका ठिकाणचा प्रवाह दोन दिवस अडला, तर शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या माणसाची झोप उडते. मग हाच प्रवाह महिनोन्‌महिने अडला आणि अडवणारा शेजारचा देश असला तर काय होत असेल? नेपाळने ते २०१५ साली अनुभवले. नव्या राज्यघटनेवरून तराईत आंदोलन पेटले, सीमेवरची वाहतूक कित्येक महिने खोळंबली आणि भूकंपाने आधीच मोडलेल्या त्या देशात स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोल दुर्मीळ झाले. दोष कोणाचा यावर दिल्ली आणि काठमांडूचे आजही एकमत नाही. पण पुढच्याच वर्षी नेपाळने चीनशी पारगमनाचा करार केला, ही गोष्ट वादातीत आहे. एकदा दार बंद झाले की माणूस दुसरे दार शोधतो, आणि ते सापडल्यावर पहिल्या दाराची किंमत कायमची उतरते.

आता कांद्याकडे येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य ठरवले. ८ डिसेंबरला ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातच बंद केली. हा शेवटचा निर्णय रातोरात आला. त्याची वेळ का जिव्हारी लागली, हे समजायला कांद्याची जात माहीत असावी लागते. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवता येतो. त्यात तीस-चाळीस टक्के घट येते, पण भावाची वाट पाहण्याची थोडी ताकद शेतकऱ्याच्या हाती राहते. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो टिकत नाही. काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. त्या कांद्यावर बंदी घालणे म्हणजे शेतकऱ्याला थांबण्याची मुभा न देता त्याचे गिऱ्हाईक काढून घेणे. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, आणि काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आले. त्यात जिल्ह्यावर दुष्काळाची छाया होती. येवला, मालेगाव आणि सिन्नर हे तालुके तर सरकारनेच दुष्काळी जाहीर केलेले होते. पाणी विकत घेऊन जगवलेला माल मातीमोल झाला.

बंदी ३१ मार्चला उठेल, एवढी तरी आशा होती, कारण त्याच सुमारास उन्हाळ कांदा निघतो. २२ मार्चला सरकारने बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली. मग ४ मे रोजी ती उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आमच्या दिंडोरी मतदारसंघात, ज्यात नांदगाव आणि म्हणून मनमाडही येते, २० मे रोजी मतदान होते. १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढले आणि शुल्क २० टक्क्यांवर आणले. नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान होते. उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून गेले. या तारखा ओळीने मांडल्या की दिसते ते असे : पिकाचे वेळापत्रक एक होते आणि निर्णयाचे दुसरेच.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. नाशिकची जागाही सत्ताधारी आघाडीने गमावली. पण त्यावरून कांद्याने सरकार पाडले, कांद्याने सरकार आणले अशी सोपी गोष्ट रचू नये. त्याच जिल्ह्याने सहा महिन्यांनी विधानसभेच्या १५ पैकी १४ जागा त्याच आघाडीला दिल्या. मतदार एका पिकाने बांधलेला नसतो. मेमध्ये त्याने जे सांगितले ते मात्र ऐकण्यासारखे होते : आमच्या मालाचा निर्णय आम्हाला न विचारता, न सांगता, एका रात्रीत होतो, हे आम्हाला मान्य नाही.

याच काळात शेजाऱ्यांच्या घरी काय चालले होते? २०२२-२३ मध्ये भारताने सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात केला होता आणि त्यातला साधारण पाव हिस्सा एकट्या बांगलादेशाने घेतला होता. तिथला ‘मुरिकाटा’ कांदा डिसेंबर-जानेवारीत निघतो आणि मुख्य ‘हाली’ पीक मार्च-एप्रिलमध्ये. सप्टेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतची पोकळी नाशिक भरून काढते. आपली बंदी नेमकी तिथे पडली. बातमी पोचताच ढाक्यात कांद्याचा भाव एक-दोन दिवसांत किलोला २०० टाकांच्या वर गेला. हे पहिल्यांदा घडत नव्हते. २०१९ च्या सप्टेंबरात आपण अशीच अचानक बंदी घातली, तेव्हा बांगलादेशाला विमानाने कांदा आणावा लागला. त्या ऑक्टोबरात दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरण्यास सांगितले आहे, असे व्यापाऱ्यांच्या सभेत हसत हसत सांगितले. आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती, हे त्या हसण्यामागचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, आपण पुन्हा तेच केले. विशेष म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यात, टाळेबंदीत रस्ते बंद असताना, लासलगावहून कांद्याच्या मालगाड्या थेट सीमेपलीकडच्या दर्शनापर्यंत गेल्या होत्या. माल पोचवण्याची क्षमता आपल्याकडे होती. पोचत राहील असा शब्द देण्याची तयारी नव्हती.

बंदीच्या काळात शेजाऱ्यांना काहीच दिले नाही, असे नाही. बांगलादेशाला ५० हजार टन, भूतानला साडेपाचशे, श्रीलंकेला दहा हजार, शिवाय संयुक्त अरब अमिराती, बहारीन, मॉरिशस असे मिळून सहा देशांना ९९,१५० टनांची परवानगी आहे, असे सरकारने एप्रिलअखेर जाहीर केले. ही निर्यात राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत व्हायची होती. दरम्यान गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला स्वतंत्र मुभा मिळाली आणि नाशिक जिल्ह्यात संतापाची लाट उसळली. या सगळ्या व्यवस्थेत एक मूलभूत खोट होती. देश मागणी करणार, दिल्ली विचार करणार, मर्जी झाली की आकडा जाहीर करणार. घेणारा उपकाराखाली आणि पिकवणारा अंधारात. उपकाराने माल जातो, पण विश्वास तयार होत नाही.

याच वसंतात नेमके उलटे उदाहरण आपल्याच हातून घडत होते. ‘इंडिया आउट’ची घोषणा देत निवडून आलेले मोहम्मद मुइझ्झू मालदीवमधल्या भारतीय लष्करी कर्मचाऱ्यांना परत पाठवत होते. १० मेपर्यंत ते सगळे परतले. २१ एप्रिलच्या निवडणुकीत मुइझ्झू यांच्या पक्षाने संसदेत मोठे बहुमत मिळवले. आपल्याकडे समाजमाध्यमांवर मालदीवच्या सहली रद्द करण्याची मोहीम चालवली गेली होती. आणि तरी ५ एप्रिल २०२४ रोजी भारत सरकारने मालदीवला वर्षभरासाठी तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, बटाटे, अंडी आणि तब्बल ३५,७४९ टन कांदा देण्याचे जाहीर केले. देशात कांद्याची निर्यातबंदी चालू होती, तरीही. कारण १९८१ च्या व्यापार करारानुसार हा कोटा दरवर्षी आधीच ठरतो, सरकार कोणाचेही असो. त्या वर्षीचा कोटा तर करार झाल्यापासूनचा सर्वांत मोठा होता. ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीला आले आणि चलन अदलाबदलीचा करार करून गेले. कांद्यामुळे ते आले, असा दावा मी करत नाही. त्यांच्या तिजोरीची अवस्थाही बिकट होती. पण ज्या काळात दोन्हीकडे शब्द विखारी झाले होते, त्या काळात एका जुन्या कराराने ताटातला घास अबाधित ठेवला. भांडणाला मर्यादा राहिली ती त्यामुळे.

हे मालदीवला देता येते तर बांगलादेशाला का नाही? डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा बांगलादेशाने गहू, तांदूळ, साखर, कांदा, आले, लसूण अशा वस्तूंसाठी वार्षिक कोट्याची मागणी केली होती. ती पक्की झाली असती, तर वर्षभराने आलेल्या बंदीतही नाशिकच्या लाल कांद्याला एक खात्रीचे गिऱ्हाईक उरले असते आणि ढाक्यात एका रात्रीत भाव भडकला नसता.

ऑगस्ट २०२४ मध्ये या नात्याची दुसरी बाजू समोर आली. ढाक्यात सरकार कोसळले, सीमेवरचे व्यवहार थांबले आणि नाशिकहून गेलेले कांद्याचे ट्रक पश्चिम बंगालच्या सीमेवर अडकले. पावसाळी हवेत जाळीच्या गोणीतला कांदा किती दिवस तग धरणार? तेव्हा इथल्या व्यापाऱ्याला कळले की, ढाक्यातल्या विद्यापीठाच्या आवारात पेटलेला प्रश्न मनमाडच्या बाजार आवारापर्यंत येतो.

तो प्रश्न कांद्याचा नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जूनमध्ये उच्च न्यायालयाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीचा सरकारी नोकऱ्यांतला ३० टक्के कोटा पुन्हा लागू केला, विद्यार्थी रस्त्यावर आले, १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि देश पेटला. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कोटा पाच टक्क्यांवर आणला, पण तोवर उशीर झाला होता. १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात तब्बल १,४०० जण मारले गेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने पुढे मांडला. प्रमुख विरोधी पक्षाच्या बहिष्कारात झालेली निवडणूक, महागाई, सुशिक्षितांची बेकारी आणि बंदुकीने दिलेले उत्तर, हे सगळे त्या उठावात मिसळले होते. इतक्या जिवांचा हिशोब बाजारभावात मांडणे अमानुष ठरेल.

तरीही त्या वर्षीच्या सगळ्या निकालांखाली एक समान सूर ऐकू येतो. श्रीलंकेने २०२२ मध्ये परकी कर्ज फेडणे थांबवले होते, पेट्रोलच्या रांगेत माणसे मेली होती आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून पळाले होते. दोन वर्षांनी त्याच मतदारांनी अनुरा कुमारा दिसानायके यांना अध्यक्ष केले आणि आधीच्या संसदेत अवघ्या तीन जागा असलेल्या त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा दिल्या. पाकिस्तानात मे २०२३ मध्ये महागाई ३८ टक्क्यांवर पोचली होती. फेब्रुवारीच्या निवडणुकीत तुरुंगात असलेल्या इम्रान खान यांच्या पाठिंब्यावरचे उमेदवार, पक्षाचे चिन्ह हातात नसताना, सर्वाधिक संख्येने निवडून आले. भूतानमध्ये तरुण देश सोडून ऑस्ट्रेलियाला चालले होते, आणि प्रचार त्याच चिंतेभोवती फिरला. देश वेगळे, राज्यव्यवस्था वेगळ्या, नेते वेगळे. पण सगळीकडे सामान्य माणूस सांगत होता की, उद्याचा दिवस कसा असेल याची थोडी तरी खात्री आम्हाला द्या. नोकरीची, इंधनाची, जेवणाची, आणि आपले मत मोजले जाईल याची.

ही खात्री आज एकेकटा देश देऊ शकत नाही. श्रीलंकेच्या संकटात भारताने दिलेली सुमारे चार अब्ज डॉलरची मदत तिला तारून गेली. नेपाळच्या नद्यांतली वीज उन्हाळ्यात बिहारला आणि ढाक्याला लागते. बांगलादेशाची कांद्याची पोकळी नाशिक भरते आणि नाशिकच्या जादा कांद्याला बांगलादेश गिऱ्हाईक देतो. इतके असून या प्रदेशातील देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. आग्नेय आशियातील देशांत तो चौथ्या हिश्श्याच्या जवळ आहे. १९८५ साली ढाक्यात जन्मलेल्या सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूत झाली, त्यानंतर एकही नाही. २००७ मध्ये मान्य झालेली सार्क अन्नपेढी कागदावरून फारशी पुढे सरकलेली नाही.

जिथे कायमची, ठरलेली व्यवस्था उभी राहिली, तिथे मात्र राजकारणाचे धक्के पचले. मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजला जाणारी ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली. २०१५ च्या कटुतेनंतर चारच वर्षांत दोन्ही देशांनी ती पुरी केली आणि त्यानंतर काठमांडूत सरकारे बदलत राहिली, तेल वाहत राहिले. सिलिगुडीहून बांगलादेशातल्या पार्वतीपूरला डिझेल नेणारी वाहिनी मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. हसीना गेल्या, दोन्ही राजधान्यांमधला सूर बिघडला, व्हिसा आटले, कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस बंदच राहिली. पण मुहम्मद युनूस यांच्या अंतरिम सरकारने भारतातून डिझेल घेणे सोडले नाही आणि डिसेंबरअखेर भारतीय तांदळाचे जहाजही चटगावला लागले. त्याआधी १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली, एकच दिवस, पण पोचली. त्या करारावर तिन्ही देशांनी सह्या केल्या त्या हसीना गेल्यावर, ३ ऑक्टोबरला. मनात राग असतानाही माणसे पाळतात ते लेखी, दोघांच्या फायद्याचे आणि मोजता येणारे वचन. मुंबई-मनमाड तेलवाहिनीच्या भरवशावर जगणाऱ्या गावाला हे पटवून द्यावे लागत नाही.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही रास्त आहेत.

पहिला : आधी आपल्या माणसांचे पोट, मग शेजाऱ्याचे. मान्य. मुंबईतल्या चाळीत किंवा मनमाडच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या कुटुंबाला कांदा ७० रुपये किलो झाला की झळ बसते. पण ग्राहकाला वाचवण्याचा मार्ग निर्यातबंदी हाच आहे का? किमतींच्या निर्देशांकात कांद्याचे वजन एक टक्क्याहूनही कमी आहे. ग्राहकासाठी सरकार नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत कांद्याचा साठा करते; २०२४ मध्ये तो सुमारे पाच लाख टनांचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगाव परिसरातून १,६०० टन कांदा ‘कांदा एक्स्प्रेस’ने दिल्लीला गेला आणि सणाच्या तोंडावर तिथल्या बाजारात पोचला. साठा वेळेवर बाहेर काढणे, रेल्वेने नेणे, चाळींची आणि शीतसाठ्याची सोय वाढवणे ही ग्राहकाची खरी काळजी आहे. दार लावून घेणे ही काळजी नव्हे. त्याने आज भाव पडतो, शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो आणि वर्षभराने तोच ग्राहक दुप्पट भावाने खातो.

दुसरा : शेजारीच भरवशाचे नाहीत, मग आपणच का बांधून घ्यायचे? बांगलादेशाने विदर्भाच्या संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवत नेले, आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून कांद्याच्या आयातीलाही नंतर लगाम घातला. हे खरे आहे. पण ते तसे का वागू लागले? २०१९, २०२० आणि २०२३ अशा तीन बंद्यांनी त्यांना शिकवले की, भारतावर विसंबू नये. त्यांनी कांद्याची लागवड वाढवली, इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार, पाकिस्तान असे दुसरे विक्रेते शोधले. नोव्हेंबर २०२४ मध्ये १९७१ नंतर पहिल्यांदा कराचीहून थेट मालवाहू जहाज चटगावला आले, आणि त्यात कांद्याचे कंटेनर होते. आपल्या बंदीच्या महिन्यांत आखाती बाजारातही पाकिस्तानी कांद्याने जागा धरली. आपली निर्यात २०२२-२३ मधल्या २५ लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये १७ लाखांवर आली आणि बंदी उठल्यावरही २०२४-२५ मध्ये ती आणखी घसरून १२ लाखांच्या खाली गेली. बंदी उठवता येते, गेलेले गिऱ्हाईक बोलावून परत येत नाही. बांधून घेणे दोन्ही बाजूंनी असावे, हे मात्र शंभर टक्के बरोबर. कोट्याबरोबर आयातशुल्काचीही हमी मागून घ्यावी.

तिसरा : शेजारी देशांत आपल्याबद्दल राग आहे तो राजकीय आहे. सीमेवरचा गोळीबार, तिस्तेचे पाणी, एका पक्षाला दिलेली साथ यांतून तो आला आहे. कांद्याने तो जाणार नाही. हाही आक्षेप मान्य. तिस्तेचा प्रश्न तिस्तेच्याच पाण्यात सुटेल. ढाक्यातल्या तरुणांना आपण एका राजवटीचे मित्र वाटलो, त्यांच्या देशाचे नाही, यावर दिल्लीने गंभीर विचार केला पाहिजे. पण नेमक्या याच कारणासाठी माझे म्हणणे आहे की, नाते राज्यकर्त्यांच्या गळाभेटीत अडकवू नका. ते अशा देवघेवीत रुजवा जी पक्ष बदलला तरी चालू राहील आणि जिचा लाभ मंत्र्याआधी गृहिणीला होईल.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. मालदीवशी १९८१ पासून जी वहिवाट आहे, ती बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि भूतान यांच्यासाठी सुरू करावी. कांदा, गहू, तांदूळ, साखर या वस्तूंचा किमान वार्षिक कोटा आदल्या वर्षीच ठरावा आणि देशांतर्गत बंदी आली तरी तो अबाधित राहावा. निर्यातीवर बंधन घालायचेच असेल तर निदान एका हंगामाची पूर्वसूचना असावी. बंदर, सीमा किंवा रेल्वेच्या वाघिणीत पोचलेल्या मालाला जुनाच नियम लागावा. कोट्याचे वाटप खुल्या पद्धतीने व्हावे, त्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि बाजार समित्यांना थेट भाग घेता यावा, म्हणजे कोणत्या राज्याच्या कोणत्या कांद्याला परवानगी मिळाली यावरून संशय उरणार नाही. आणि सार्वजनिक हितासाठी सरकारने रातोरात बंदी घातलीच, तर तिचा तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी न मारता तिजोरीने उचलावा. ग्राहकाला दिलेल्या दिलाशाचे बिल दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने भरावे, यात न्याय नाही.

यात एक काम आपलेही आहे. निर्यातबंदी आली की आपण रस्त्यावर येतो, उठली की घरी जातो. कांद्याचा प्रश्न आपण भावाचा प्रश्न म्हणून मांडत आलो. तो परराष्ट्र धोरणाचाही प्रश्न आहे, हे आपल्या खासदारांना आपणच सांगितले पाहिजे. दिंडोरीच्या खासदाराने संसदेत ढाक्याविषयी बोलावे, कोलंबोच्या आयातशुल्काची चौकशी करावी, सीमेवर अडकलेल्या ट्रकांचा जाब विचारावा, यात वावगे काही नाही. नांदगाव-येवल्याच्या शेतकऱ्याचे गिऱ्हाईक जिथे आहे, तिथवर त्याचा मतदारसंघ पोचतो. ढाक्यातले तरुण रस्त्यावर का आले, श्रीलंकेने जुने पक्ष का नाकारले, हे इथल्या महाविद्यालयात आणि बाजार समितीच्या सभेत बोलले जावे. शेजाऱ्याच्या घरात काय चालले आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला त्याच्याशी व्यवहार करता येत नाही आणि भांडताही नीट येत नाही.

२०२४ मध्ये या प्रदेशातील लोकांनी आपापल्या सरकारांना धक्के दिले, काही मतपेटीतून, काही रस्त्यावरून. ते धक्के देणारी माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, पण त्यांची गाऱ्हाणी सख्खी होती. सरकारे बदलतील, पुन्हा बदलतील. नाशिकचा कांदा दरवर्षी निघेल आणि पलीकडच्या चुली दरवर्षी पेटतील. या दोन टोकांमध्ये कोणाच्याही मर्जीवर न मोडणारा करार उभा करणे ही भारतासारख्या मोठ्या शेजाऱ्याची जबाबदारी आहे. मोठ्या देशाचा मोठेपणा दार बंद करण्याच्या ताकदीत नसतो. ते दार बंद होणार नाही असा शब्द देऊन तो पाळण्यात असतो. तो शब्द देण्यासाठी पुढच्या टंचाईची किंवा पुढच्या निवडणुकीची वाट पाहू नये. भरपूर पिकलेल्या वर्षी केलेला करारच टंचाईच्या वर्षी टिकतो.